स्वस्त विकून परवडतं कसं? डिस्काउंट दुकानांचा हिशेब

महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळचे सात. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका डिस्काउंट दुकानात मी बिलाच्या रांगेत उभी होते. दोन ट्रॉल्या सोडून पुढे आमच्या सोसायटीखालचे किराणा दुकानदार दिसले. सगळे त्यांना शेठ म्हणतात. ट्रॉलीत एक लिटर तेलाच्या पिशव्या, साबणाचे चार-चारचे पॅक, कपड्यांच्या पावडरीची मोठी पाकिटं. नजरानजर झाली तेव्हा ते थोडे अवघडले.

"शेठ, तुम्ही इथे?" मी विचारलं.

"काय करणार ताई," ते म्हणाले, "डिस्ट्रिब्युटर मला ज्या भावाने देतो, त्यापेक्षा इथे पिशवीमागे चार रुपये कमी पडतात."

तेलाच्या रॅकवर 'एका बिलावर फक्त चार पिशव्या' अशी पाटी होती. शेजारच्या रांगेत शेठचा मुलगा दुसरी ट्रॉली घेऊन उभा होता. तिच्यातही चार पिशव्या.

दुकानदाराला घाऊक भावात जो माल मिळतो, तोच माल दुसरं दुकान गिऱ्हाइकाला त्याहून स्वस्त विकतं. हे शक्य कसं होतं, असं मला नातेवाइकांपासून ऑफिसातल्या सहकाऱ्यांपर्यंत अनेकांनी विचारलंय. विचारणाऱ्याचा संशय बहुधा ठरलेला असतो: माल हलका असणार, नाहीतर कुठेतरी गडबड असणार. पण शेठच्या ट्रॉलीतला साबण त्याच कंपनीचा, त्याच वजनाचा, तीच तारीख छापलेला होता. उत्तर साध्या अंकगणितात आहे, आणि घर चालवणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या पगारातला मोठा हिस्सा दर महिन्याला याच रांगेत जातो.

एमआरपीच्या आत कोण कोण बसलंय

पाकिटावरची एमआरपी ही जास्तीत जास्त किरकोळ किंमत, सगळे कर धरून. तिच्यापेक्षा जास्त घेणं कायद्याने गुन्हा. कमी घ्यायला कुणाची मनाई नाही. ही किंमत माल बनवणारी कंपनी ठरवते, आणि वाटेत कुणाला किती सुटले पाहिजेत हे धरूनच ठरवते.

समजा एका साबणाच्या पॅकची एमआरपी १०० रुपये आहे. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतलेत, मालागणिक ते बदलतात. कंपनी तो डिस्ट्रिब्युटरला ८५ ला देते. डिस्ट्रिब्युटर गोडाऊन सांभाळतो, टेम्पो ठेवतो, सेल्समनला गल्लोगल्ली ऑर्डर घ्यायला पाठवतो, दुकानदाराला काही दिवसांची उधारी देतो, आणि ९० ला माल टाकतो. शेठ १०० ला विकतात. त्यांचे दहा, डिस्ट्रिब्युटरचे पाच.

शेकडो दुकानांची साखळी थेट कंपनीकडून ट्रकच्या ट्रक उचलते. भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामात माल एकदा उतरतो आणि तिथून दुकानादुकानात जातो. मधले पाच रुपये तिथेच वाचले, वर एकगठ्ठा खरेदीची सूट. समजा साखळीला तो पॅक ८० ला पडला आणि तिने तो ८९ ला विकला. तिला नऊ रुपये सुटले, म्हणजे शेठच्या जवळपास तेवढेच. गिऱ्हाइकाचे मात्र अकरा रुपये वाचले, आणि विक्रीची किंमत शेठच्या खरेदीपेक्षा एक रुपया खाली गेली. चार पिशव्यांची पाटी का लावावी लागते, ते इथे कळतं.

पण मग लगेच दुसरी शंका येते. शेठचा गाळा वडिलांनी घेतलेला, कामाला घरचीच माणसं. साखळीला पगार आहेत, वीज आहे, गोदाम आहे, ट्रक आहेत. नऊ रुपयांत तिचं भागतं कसं?

भाजीवालीचे तीन हजार

ठाणे स्टेशनवरून जांभळी नाक्याकडे गेलं की रस्त्याच्या कडेला भाजीवाल्या बसलेल्या असतात. त्यांतल्या एकीचा हिशेब मांडून बघू. पहाटे तिने ३,००० रुपयांची भाजी उचलली, संध्याकाळपर्यंत ती ३,६०० ला गेली. दिवसाचे ६०० सुटले. उद्या पुन्हा तेच तीन हजार कामाला. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १ लाख ८० हजार रुपये. गुंतवलेले पैसे किती? तेच ते तीन हजार, तीनशे वेळा फिरलेले.

आता गोखले रोडवरचं साड्यांचं दुकान घ्या. एक लाखाच्या साड्या भरल्या, तर त्यावर ३० हजार सुटतात. पण त्या साड्या संपायला चार महिने लागतात, मग वर्षात तीनच फेऱ्या. लाखावर ९० हजार. टक्केवारीत साडीवाला भाजीवालीच्या पुढे आहे. गुंतवलेल्या रुपयाने काम किती केलं ते पाहिलं तर भाजीवालीच्या आसपासही तो नाही.

माल भरला, विकला, पैसे हातात आले आणि पुन्हा माल भरला, ही एक फेरी. डिस्काउंट दुकान भाजीवालीच्या रस्त्याने जातं. लाखाच्या मालावर त्याला ३० हजारांऐवजी १५ हजारच सुटले, पण माल महिन्यात संपला आणि वर्षात बारा फेऱ्या झाल्या, तर त्याच लाखावर १ लाख ८० हजार येतात. भाव कमी ठेवला की खप वाढतो, खप वाढला की फेऱ्या वाढतात, फेऱ्या वाढल्या की थोडक्या नफ्यात भागतं, आणि भागतं म्हणून भाव कमी ठेवता येतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं कठीण. फिरायला लावणं मात्र त्याहूनही कठीण.

शंभर रुपयांचं बिल फोडून पाहू

आपल्याकडे हे गणित सगळ्यांत नेटाने चालवणारी साखळी डीमार्ट. तिची मालक कंपनी ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स, आणि तिचं मुख्य कार्यालय आपल्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्येच आहे. संस्थापक राधाकिशन दमाणी मूळचे शेअर बाजारातले. किराण्याचा धंदा त्यांनी आधी नवी मुंबईत हात घालून पाहिला: १९९९ च्या सुमारास नेरुळमध्ये त्यांनी 'अपना बाजार'ची फ्रँचायझी चालवली. अपना बाजार ही १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत उभी राहिलेली ग्राहकांची सहकारी संस्था. स्वस्त आणि चोख माल एका छताखाली ही कल्पना मुंबईकराच्या अंगवळणी तिने खूप आधी पाडली होती. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत निघालं. ३१ मार्च २०२५ ला दुकानांची संख्या ४१५ होती.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे हिशेब उघडा असतो. २०२४-२५ मध्ये विक्री सुमारे ५९ हजार कोटी आणि सगळं वजा जाता नफा सुमारे २,७०० कोटी. इतके मोठे आकडे डोक्यात राहत नाहीत, म्हणून आपल्या १०० रुपयांच्या बिलावर आणू. त्यातले जवळपास ८५ रुपये माल खरेदीतच गेले. पगार, वीज, वाहतूक आणि इतर खर्चाला साडेसात रुपयांच्या आत-बाहेर. इमारती आणि सामान जुनं होतं, त्याची घट दीड रुपया. सरकारला आयकर सुमारे दीड रुपया. उरले साडेचार.

खरेदी वजा जाता ढोबळ नफा १५ आणि हातात साडेचार. हे सगळं गणित त्या साडेसात रुपयांवर उभं आहे. खर्च साडेसातचा बारा झाला, तर घट काढल्यावर हातात जेमतेम दीड रुपया उरेल, आणि त्यातूनही कर जायचा. म्हणून अशा दुकानात ट्यूबलाइट असते, झुंबर नसतं. माल खोक्यासकट मांडलेला असतो. विक्रेता 'मॅडम, हे बघा' म्हणत मागे येत नाही. जर्मनीच्या आल्डी या साखळीने हे टोकाला नेलं: ट्रॉली लोखंडी साखळीने बांधलेली, नाणं टाकल्याशिवाय सुटत नाही, आणि नाणं परत हवं तर ट्रॉली जागेवर नेऊन लावायची. ट्रॉल्या गोळा करणाऱ्या माणसाचा पगार वाचला. अशी वाचवलेली एकेक गोष्ट शेवटी पाकिटाच्या किमतीत उतरते.

रोख देणाऱ्याला स्वस्त

दुकान जगायचं असेल तर पुरवठादाराचे पैसे जमेल तितके लांबवायचे, हा आपल्याकडचा जुना शहाणपणा. त्यात तथ्य आहे. पुरवठादाराने दोन महिने थांबायचं मान्य केलं तर ते बिनव्याजी कर्जच झालं. अनेक साखळ्या तशाच चालल्या.

डीमार्टने उलटं केलं. पुरवठादाराचं बिल साधारण आठवड्याभरात चुकतं करायचं, ही तिची पहिल्यापासूनची रीत. वरवर पाहता यात तोटा दिसतो. पण जरा पुरवठादाराच्या खुर्चीत बसा. त्याने बँकेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी पैसे उचललेत, म्हणजे महिन्याला एक टक्का. दोन महिने उशिरा पैसे देणाऱ्याला तो दोन टक्के लावूनच भाव सांगणार, तोंडाने बोलला नाही तरी. वर पैसे बुडायची धास्ती, तिचाही एखादा टक्का. आठवड्यात पैसे देणाऱ्याला तो हे सगळं सोडू शकतो. व्यापारात याला रोखीची सूट म्हणतात. नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या घाऊक मार्केटात विचारलंत तर 'सीडी किती?' एवढंच म्हणतील, सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट. साडेचार रुपये नफ्याच्या धंद्यात दोन टक्के म्हणजे जवळपास अर्धा नफा.

आणखी एक फायदा हिशेबाच्या वहीत दिसत नाही. माल कमी असला, सणाची गर्दी असली, गणपती-दिवाळीच्या तोंडावर साखर-रव्याची ओढ लागली, की पुरवठादार आधी कुणाचा ट्रक भरेल? ज्याचे पैसे शुक्रवारी येतात त्याचा.

जागा स्वतःची, म्हणून काय फुकट?

या साखळीची बहुतेक दुकानं मालकीच्या जागेत किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर आहेत. हे महत्त्वाचं का? २०२३-२४ मध्ये तिची दुकानाच्या एका चौरस फुटामागची वर्षाची विक्री सुमारे ३३ हजार रुपये होती. महिन्याला २,७५० रुपये. ठाण्यात मोठ्या जागेचं भाडं चौरस फुटाला महिना १५० रुपये धरून चालू. २,७५० वर १५० म्हणजे शंभराला साडेपाच रुपये. हातात उरणारे साडेचार गेलेच, वर एक रुपया पदरचा.

आणि हा जोरदार चालणाऱ्या दुकानाचा हिशेब झाला. विक्री निम्मी असली तर भाडंच शंभराला अकरा रुपये खातं. भाड्याच्या महागड्या जागेत, मॉलच्या तळमजल्यावर, एमआरपीपेक्षा दहा टक्के कमी भावात किराणा विकायचं धाडस का फसतं, त्याचं कारण हेच.

माझ्या एका सीए मैत्रिणीने यावर बरोबर बोट ठेवलं. जागा घ्यायला घातलेले कोट्यवधी रुपये दुसरीकडे गुंतवले असते तर व्याज मिळालं असतंच ना? ते व्याज कुठे धरलंय? तिचं म्हणणं खरं आहे. मालकीची जागा फुकट नसते. फरक एवढा की भाडं दर अकरा महिन्यांनी किंवा तीन वर्षांनी वाढतं, आणि धंदा मंदावला म्हणून घरमालक थांबत नाही. जागेत घातलेला पैसा थांबतो. पण त्यासाठी मालकाकडे पैसा आणि सबुरी दोन्ही लागतात. डीमार्टला पहिल्या दुकानापासून १३१ दुकानांपर्यंत यायला पंधरा वर्षं लागली, आणि मार्च २०१७ मध्ये ती शेअर बाजारात आली.

सबुरी नसली की काय होतं तेही आपण पाहिलंय. चेन्नईत १९९७ ला सुरू झालेली सुभिक्षा ही साखळी भाड्याच्या छोट्या गाळ्यांत झपाट्याने वाढली आणि सुमारे १,६०० दुकानांवर पोचली. पैसा वाढीत अडकला, आणि २००९ मध्ये सगळं बंद पडलं. २००१ मध्ये सुरू झालेल्या बिग बाजारने अख्ख्या देशाला मोठ्या दुकानात जायची सवय लावली; कर्ज आणि थकलेली भाडी यांच्या ओझ्याखाली २०२२ मध्ये तिच्या शेकडो दुकानांच्या जागा रिलायन्सच्या ताब्यात गेल्या. अशा दुकानाचा शेवट फार लवकर येतो. पुरवठादाराचे पैसे थकले की तो माल थांबवतो, माल थांबला की रॅक रिकामे दिसतात, रॅक रिकामे दिसले की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि पैसे आणखी थकतात. वर फिरणारं तेच चक्र उलटं फिरायला लागतं. अशी दुकानं बंद झाली तेव्हा बिलाच्या काउंटरवर बसणाऱ्या किती मुलांमुलींची पहिली नोकरी गेली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

साखरेला गेलो, पायपुसणं घेऊन आलो

साखर, तेल, तूरडाळ, डिटर्जंट यांचे भाव आपल्याला तोंडपाठ असतात. कुठल्याही दुकानाची स्वस्ताई आपण याच चार-पाच वस्तूंवरून ठरवतो, हे दुकानालाही पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्यांवर नफा अगदी पातळ ठेवतात, प्रसंगी जवळपास नाहीच. कमाई पुढच्या वळणावर असते: स्टीलचे डबे, प्लॅस्टिकच्या बादल्या, चादरी, मुलांचे टी-शर्ट, पायपुसणी. दीडशे रुपयांचं पायपुसणं बाहेर कितीला मिळतं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? डीमार्टच्या विक्रीत कपडे आणि घरगुती सामानाचा वाटा पावापेक्षा थोडा कमी आहे, पण नफ्याचं पारडं उचलून धरायला तो फार उपयोगी पडतो. झुडिओसारखी कपड्यांची स्वस्त साखळी तर फक्त स्वतःच्याच नावाचा माल विकते. तिथे ताडून पाहायला दुसऱ्या कुणाची किंमतच नसते.

इथे वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, आणि ती सगळ्याच साखळ्यांना लागू आहे. साबणावरची एमआरपी साबण कंपनीने छापलेली असते, म्हणून 'एमआरपीपेक्षा आठ रुपये कमी' याला अर्थ आहे. पण तूरडाळ, शेंगदाणे, जिरं यांच्या पाकिटावर पॅक करणाऱ्याचीच एमआरपी असते. पूर्वी मशीद बंदरला असलेला आणि आता तुर्भ्यात आलेला दाणाबाजार जो भाव काढतो, त्यावर पॅकिंग आणि नफा चढवून ती ठरते. दुकान स्वतःच्या नावाने डाळ पॅक करत असेल तर एमआरपीही त्याचीच आणि सूटही त्याचीच. 'एमआरपी १९०, आमचा भाव १३०' हे वाचून साठ रुपये वाचले असं समजू नका. किलोमागे काय पडलं ते बघा, आणि शेठकडच्या सुट्ट्या डाळीच्या भावाशी ताडून पाहा. पाकिटावर हल्ली ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमतही छापलेली असते. अक्षर बारीक असतं, पण कामाचं तेवढंच असतं.

आपण काय देतो

या स्वस्ताईत आपणही काही घालतो, ते कुठल्याच बिलावर येत नाही. शेठच्या दुकानात यादी दिली की पोऱ्या माल काढतो, बांधतो, चौथ्या मजल्यावर आणून देतो. इथे माल शोधणारे आपण, काढणारे आपण, ट्रॉली ढकलणारे आपण, पिशव्या उचलणारेही आपणच. वर चाळीस मिनिटं रांगेत. दुकानाचा खर्च साडेसात रुपयांत बसतो तो काही अंशी आपल्या हमालीमुळे.

मग हे कधी परवडतं? सरासरी आठ टक्के वाचतात असं धरू. ६०० रुपयांच्या सामानावर ४८ रुपये. रिक्षाचं कमीत कमी भाडं २६, जाऊन-येऊन ५२. चार रुपये तोटा. ४,००० च्या सामानावर ३२० वाचतात, तिथे रिक्षा निघून वर अडीचशेहून जास्त हातात राहतात.

आणि इथेच मला सगळ्यांत टोचणारी गोष्ट आहे. ४,००० रुपये एक तारखेला एकदम खर्च करू शकणाऱ्याला, पाच किलो डाळ ठेवायला घरात जागा असलेल्याला, ही स्वस्ताई मिळते. लोकमान्य नगरच्या चाळीत किंवा दिघ्याच्या वस्तीत रोजच्या हजेरीवर घर चालवणारी बाई दहा रुपयांचा शॅम्पू, वीस रुपयांची साखर, पाचची चहापत्ती घेते. तिच्याकडे पैसे संध्याकाळी येतात आणि तिचं दुकान तिच्या दारापासून वीस पावलांवर असावं लागतं. तिला किलोचा भाव मिळतच नाही. जिला या आठ टक्क्यांची सर्वांत जास्त गरज, तिलाच हे गणित बाहेर ठेवतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. मोठ्या पॅकचा, रोखीचा आणि फेऱ्यांचा हा सरळ परिणाम आहे. पण परिणाम आहे, आणि स्वस्त दुकानांचं कौतुक करताना तो बोलला गेला पाहिजे.

यावर आपल्याच माणसांनी काढलेली एक तोड आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून दुकानाशिवाय वाटप करते. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी आधी भरतात, एकत्र खरेदीचा माल एका घरी उतरतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. जागेचं भाडं नाही, रॅक नाही, न विकलेला माल नाही. डिस्काउंट दुकान ज्या गोष्टी वाचवायला धडपडतं, त्या इथे मुळातच नाहीत. वाटपाच्या दिवशी कुणाच्या तरी हॉलमध्ये गोणी सोडून माल वेगळा करायचा, हे काम मात्र आनंदाने करणारी माणसं लागतात. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरांत ती मिळणं अवघड होत चाललंय.

'ही दुकानं वाण्याला बुडवतात'

हा आक्षेप नुसता भावनेचा म्हणून सोडून देता येत नाही. बसलेला धक्का खरा आहे, आणि तो आधी डिस्ट्रिब्युटरला बसतो. दुकानदाराला त्याच्यापेक्षा स्वस्त माल दुसरीकडे मिळायला लागला की त्याच्या टेम्पोचा आणि सेल्समनचा खर्च अंगावर येतो. मोठ्या घाऊक साखळ्यांना आणि ऑनलाइन कंपन्यांना आमच्यापेक्षा कमी भावात माल का देता, या मुद्द्यावर २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका मोठ्या टूथपेस्ट कंपनीचा काही माल उचलणंच थांबवलं होतं. त्यांचा प्रश्न रास्त होता असं माझं मत आहे. दहा ट्रक उचलणाऱ्याला सूट मिळणार हे मान्य. पण ती इतकी असावी का, की गल्लीपर्यंत माल पोचवणारी अख्खी यंत्रणाच मोडावी?

किराणा दुकान मात्र सरसकट बुडालेलं नाही. त्याच्याकडे तीन गोष्टी अशा आहेत ज्या साखळीला देताच येत नाहीत: उधारीची वही, दहा रुपयांचा माल आणि रात्री साडेदहाला दारावर मारलेली हाक. साखळी उधारी द्यायला लागली तर तिच्या फेऱ्या मंदावतील. सुट्टं विकायला लागली तर माणसं वाढवावी लागतील. फुकट घरपोच द्यायला लागली तर साडेसात रुपयांचं गणित मोडेल.

दहा मिनिटांत दारात देणाऱ्यांनी काय बदललं

ऑक्टोबर २०२४ मध्ये तिमाही निकालाच्या वेळी डीमार्टने मान्य केलं की मोठ्या शहरांतल्या तिच्या जास्त खपाच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतोय. शेअर एका दिवसात बराच पडला, बातम्या झाल्या. पण दोघांचे धंदे उलट्या टोकांचे आहेत. एक म्हणतो, तू ये, तू उचल, मी भाव कमी करतो. दुसरा म्हणतो, तू बस, मी आणतो. चारशे रुपयांच्या ऑर्डरवर शंभराला पंधराच्या हिशेबाने ६० रुपये सुटतात. त्यातून पावसात पातलीपाड्याच्या सतराव्या मजल्यावर येणाऱ्या मुलाचे पैसे, माल काढणाऱ्याचा पगार, वस्तीच्या मधोमध घेतलेल्या गाळ्याचं भाडं. हे साठ रुपयांत बसवणं कठीण. म्हणून डिलिव्हरीचे पैसे, हाताळणीचे पैसे, लहान ऑर्डरचे पैसे असे वेगवेगळ्या नावांनी ते बिलात येतात, आणि तेही पुरले नाहीत तर काही काळ गुंतवणूकदार खिशातून भरतात. हे किती काळ चालेल, यावर भल्या भल्यांचं एकमत नाही. महिन्याच्या मोठ्या सामानाला धक्का कमी बसेल, मधल्या दिवसांच्या लहान खरेदीला जास्त, असं मला वाटतं. आणि मधल्या दिवसांची लहान खरेदी हाच तर शेठचा धंदा होता.

त्या रविवारनंतर साधारण दोन आठवड्यांनी मी शेठच्या दुकानात दूध घ्यायला थांबले होते. आमच्या मजल्यावर चार घरी काम करणाऱ्या मावशी तेलाची पिशवी घेत होत्या. शेठने वही उघडली, त्यांच्या नावाखाली तारीख आणि रक्कम लिहिली, एमआरपीनेच. पैसे पाच तारखेला पगार झाल्यावर. पिशवी त्याच कंपनीची होती. शेठने बिलाच्या रांगेत उभं राहून, रोख मोजून आणलेल्या त्या आठांतली ती एक असेल. पिशवीमागचे चार रुपये मी बसल्या बसल्या मोजायला लागले: दोन आठवडे शेठचे पैसे अडकले, आणखी दोन आठवडे मावशींकडे अडकतील, आणि आधीच्या पानावर एक नाव असं होतं ज्यापुढे तीन महिन्यांची बाकी चढलेली होती.

"दूध किती देऊ, ताई?" शेठनी विचारलं.